दुसरं पाकीट

१

गुरुवारी दुपारी चार वाजता तिचा तास चोरीला गेला.

चोरी म्हटली की कुलूप तुटलेलं असतं, कपाट उपसलेलं असतं. इथे सगळं जागच्या जागी होतं. दुसऱ्या मजल्यावरची बसायची छोटी खोली, तीन खुर्च्या, नावालाच गार असलेलं पाण्याचं यंत्र, चार मिनिटं पुढे धावणारं घड्याळ. आतलं दार उघडलं, समुपदेशक मॅडमचा ओळखीचा आवाज आला, "या ना," आणि एक अनोळखी तरुणी बॅग सावरत आत गेली. दार लागलं. तीन वर्षं दर गुरुवारी त्या आवाजातलं ते "या ना" तिच्या वाट्याचं होतं.

ती विमा कंपनीची सर्व्हेअर होती. ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि अपघात नेमका कसा झाला ते शोधून काढायचं, हे तिचं काम. गॅरेजवाले तिला तोंडावर बाईसाहेब म्हणत आणि पाठीमागे पोचेबाई. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. गाडीवरचा पोचा पाहून धक्का कुठून बसला, किती जोरात बसला, आणि मालक किती खोटं बोलतोय, हे ती चहा गार होण्याच्या आत सांगायची.

शनिवारी टपालाने पाकीट आलं होतं. आत मॅडमच्या अक्षरातलं पत्र, तारीख शुक्रवारची.

"आपल्या भेटी मी आजपासून थांबवते आहे. इतक्या अचानक थांबवणं हा तुमच्यावर अन्याय आहे, हे मला कळतं. यात तुमचं काही चुकलेलं नाही. कारण सांगणं माझ्या हातात नाही. पुढे कृपया या बाईंकडे जावं, त्यांच्याशी मी बोलले आहे." खाली दुसऱ्या एका समुपदेशक बाईंचं नाव, पत्ता, फोन.

पत्र मिळूनही ती गुरुवारी गेली. पाय आपोआप वळले, असं ती घरी सांगणार होती. खरं म्हणजे ती पाहायला गेली होती. मॅडम आजारी असतील, शहर सोडून जात असतील, जागा रिकामी करत असतील. यातलं काहीही निघालं असतं तरी तिच्या जिवात जीव आला असता. पण मॅडम ठणठणीत होत्या, जागा होती, काम चालू होतं. नकोशी झाली होती ती फक्त तीच.

आणि हे का झालं असावं, याचा तिला दाट संशय होता. पत्राच्या आदल्याच दिवशी तिने मॅडमना ती गोष्ट सांगितली होती.

२

ती गोष्ट अशी.

सहा वर्षांपूर्वी तिची आई घरी एकटी असताना गेली. आई शिवणकाम करायची. त्या दिवशी लेकीच्या नव्या घराचे पिवळे पडदे शिवत होती, आणि सकाळपासून चार फोन करून झाले होते. लांबी किती, दुमड किती, अस्तर हवं का. पाचवा फोन आला तेव्हा लेक एका गॅरेजात ट्रकखाली टॉर्च धरून आडवी पडली होती. फोनवर "आई" अशी अक्षरं चमकली. "आता काय अजून," असं पुटपुटून तिने तो कापला. संध्याकाळी शेजारच्या आजींनी दार उघडून पाहिलं. आई मशीनवर डोकं टेकून होती, सुईखाली पिवळं कापड तसंच.

एवढंच असतं तरी माणूस कसंबसं सोसतं. पण नातेवाईक जमले तेव्हा तिने सगळ्यांदेखत धाकट्या भावाला धरलं. "दोन गल्ल्या सोडून राहतोस! तुला फोन केला असेल तिने. उचलला नसशील तू!" भाऊ तिच्याकडे बघत राहिला. एक शब्द बोलला नाही. चपला घातल्या आणि निघून गेला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही, येणं-जाणं नाही. फोन कुणाला आला होता हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तीन वर्षं मॅडमसमोर ती झोपेबद्दल बोलली, कामाबद्दल बोलली, चिडचिडीबद्दल बोलली. आई गेली एवढंच सांगितलं, आणि आपल्याला भाऊ आहे हे तर तोंडातून काढलंच नाही. त्या गुरुवारी मात्र सगळं भडाभडा ओकली.

ते सांगताना काय घडलं, हे ती आता पुन्हा पुन्हा आठवत होती. मॅडम एरवी एकाच जातीचे प्रश्न विचारत: "मग काय वाटलं?", "आता काय वाटतंय?" घरी ती त्यांची नक्कलही करायची. त्या दिवशी पिवळ्या पडद्यापाशी आल्यावर मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मशीन कुठल्या खोलीत होतं?"

"स्वयंपाकघरात. ओट्याला लागून."

मॅडम पाणी प्यायल्या. शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं, पण मग म्हणाल्या, "आज इथेच थांबू या का?" अजून बारा मिनिटं शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं.

आता यात शोधायचं काय राहिलं? आईचा शेवटचा फोन कापणारी, वर भावावर आळ घेणारी बाई कुणाला समोर बसवून घ्यावीशी वाटेल? पाच दिवस ती हेच घोकत होती. जेवण जात नव्हतं, झोपेचं तर नावच नको. पण तिच्यातली पोचेबाई गप्प बसेना. पोचा दिसला म्हणून धक्का देणारा सापडला, असं होत नाही. आधी आजूबाजूच्या सगळ्यांना विचारावं लागतं.

संशयित तीन होते. नवरा, मॅडमच्या दारात बसणाऱ्या काकू, आणि ती स्वतः. तिने नवऱ्यापासून सुरुवात केली, कारण त्याच्या फोनवर तिला मॅडमचा नंबर दिसला होता.

३

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. गुरुवारी संध्याकाळी तो पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता.

"तू मॅडमना फोन केला होतास?"

त्याचा हात थांबला. "हो."

"दोन महिन्यांपूर्वी तू म्हणाला होतास, दर गुरुवारी रडके डोळे घेऊन येतेस, उपयोग काय. तूच त्यांना बंद करायला सांगितलंस?"

"वेडी आहेस का?" त्याने फोन तिच्या हातात दिला. "बघ ना कधी केलाय."

तिने पाहिलं. शनिवार, अकरा चाळीस. पत्र अकराला आलं होतं.

"पत्र वाचून तू न्हाणीघरात जाऊन बसलीस," तो म्हणाला. "मला राग आला. मी त्यांना म्हटलं, अहो, मी पाचवीच्या पोरांनासुद्धा वर्गशिक्षक बदलायचा तर आठवडाभर आधी सांगतो. निदान एकदा तरी भेटा तिला."

"मग?"

"मग विचारलं, त्या झोपतात का. मी म्हटलं, नाही. शेवटी म्हणाल्या, मला फार वाईट वाटतंय, पण मी आता त्यांना भेटत राहिले तर ते बरोबर होणार नाही. कुणाच्याच दृष्टीने नाही."

"कुणाच्याच?"

"असंच म्हणाल्या."

ती पलंगाच्या कडेला बसली. दोनच माणसांबद्दल कुणी "कुणाच्याच" म्हणत नाही. मॅडम आणि ती, एवढंच प्रकरण असेल तर हे तिसरं कोण मध्ये आलं?

"मी संशयितांत होतो वाटतं," नवरा म्हणाला.

"पहिल्या नंबरवर."

"चला, कुठेतरी पहिला आलो." त्याने घडी घातलेला टॉवेल तिच्या मांडीवर ठेवला. "त्या दुसऱ्या बाईंना फोन कर ना गं."

"करते," ती म्हणाली. पण आधी तिला काकूंना गाठायचं होतं.

४

शुक्रवारी सकाळी मॅडम यायच्या आत ती तिथे पोचली. काकू टेबल पुसत होत्या. मागे एकदा गाडी लावण्यावरून दोघींची चांगलीच जुंपली होती, तेव्हापासून काकू तिच्याशी मोजकंच बोलत. मॅडमच्या वेळा याच बाई ठरवत. त्यांच्या वहीत कुणाचं नाव नसे, नुसता वार आणि वेळ. इथे ती तीन वर्षं "गुरुवार चार" होती.

"काकू, माझा तास तुम्ही काढून दिलात का कुणाला?"

"मी?" काकूंनी फडकं आपटलं. "अहो, मी तर मॅडमशी भांडले! म्हटलं, माणसाला असं दारातून परत पाठवतात का? आणि तुम्ही एकट्या थोड्याच आहात? पाकिटं दोन होती, मीच टाकली टपालात." बोलून गेल्यावर काकूंनी जीभ चावली.

"दुसरं कुणाचं?"

"नाव मला माहीत नाही. टपाल टाकताना मी मुद्दाम चष्मा काढून ठेवते. इथे काम करायचं तर तेवढं पाळावं लागतं."

"वार आणि वेळ तर माहीत असेल."

काकू जरा घुटमळल्या. "सोमवार नऊ. आता ती वेळ दुसऱ्यांना दिलीय, म्हणून सांगितलं. आणखी विचारू नका."

तिने विचारलं नाही. माणूस मनातून धुमसत असेल तर त्याला विचारावं लागत नाही, नुसतं उभं राहावं लागतं. हे गॅरेजात शिकलेलं शहाणपण होतं.

"मला न पटलेलं वेगळंच आहे," काकू म्हणाल्या. "तुम्हाला ज्या बाईंकडे पाठवलंय ना, त्यांच्याकडे दोन जागा होत्या. मीच विचारून ठेवलं होतं. तरी त्या सोमवारवाल्यांना पार शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. बिचारे आठच महिने तर येत होते. मी म्हटलं, मॅडम, दोघांनाही जवळच पाठवा की. तर माझ्यावर आवाज चढवला! सतरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, दोघं एकाच ठिकाणी अजिबात नाही."

जिन्यात पावलं वाजली. काकूंनी तिला डोळ्यांनीच जायला सांगितलं. वळणावर मॅडम समोरून वर येत होत्या. दोघी थबकल्या. मॅडमचे डोळे ओढलेले होते, रडून किंवा जागून. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग नुसती मान लववली आणि भिंतीला चिकटून तिला वाट करून दिली.

कंटाळलेलं माणूस असं बघत नाही, असं तिला रस्त्यावर आल्यावर वाटलं. असं बघतं ते अपराधी माणूस. पण अपराध कसला?

५

उत्तर त्याच दुपारी गॅरेजात मिळालं, आणि तेही कामाच्या रगाड्यात.

एका पांढऱ्या व्हॅनचा डावा दरवाजा आत गेला होता. व्हॅनवाला कधीचा आपली कर्मकहाणी ऐकवत होता. तो वळत होता, समोरचा अंगावर आला, चूक अर्थातच समोरच्याची. ती लिहून घेत होती. दरवाज्यावर हिरव्या रंगाचा ओरखडा होता. तो हिरवा रंग तिने कुठेतरी पाहिला होता. बुधवारीच, दुसऱ्या गॅरेजात, एका मोटारीवर. त्या मोटारवाल्याची कहाणीही तिने अशीच लिहून घेतली होती, आणि त्यातही अर्थातच चूक समोरच्याची होती.

तिने पेन व्हॅनच्या नाकावर ठेवलं. "त्या वळणावर पाण्याची टाकी आहे का?"

"आहे की! तुम्हाला कसं ठाऊक?"

तिने बाजूला जाऊन मोठ्या साहेबांना फोन लावला. "साहेब, दुसरी बाजूही माझ्याकडेच आलीय. दोन्ही फायली परत करते."

"बरं. दोन वेगळ्या माणसांना देतो. गाडीवाल्यांना काही बोलू नका."

कचेरीचा हा पक्का नियम होता. एकाच अपघाताच्या दोन्ही बाजू ज्याने ऐकल्या, त्याने दोन्ही सोडायच्या. एकाचं ऐकताना दुसऱ्याचं डोक्यातून जात नाही. आणि एकाचं दुसऱ्याला सांगता येत नाही, इतकंच काय, दुसरा आपल्याकडे आला होता हेसुद्धा सांगता येत नाही.

व्हॅनवाला गोंधळला. "अहो पण का? माझं काय चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "कारण सांगणं माझ्या हातात नाही."

आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

गॅरेजवाल्याने स्टूल आणून दिलं. ती बसली. मशीन कुठल्या खोलीत होतं? असला प्रश्न मॅडमनी तीन वर्षांत कधी विचारला नव्हता. हा जिव्हाळ्याचा प्रश्न नव्हताच. ताळा करून बघणाऱ्या माणसाचा प्रश्न होता. ओट्याला लागून ठेवलेलं मशीन, सुईखाली पिवळं कापड, हे मॅडमनी आधी कुणाकडून तरी ऐकलं होतं. म्हणून दोन पाकिटं. म्हणून दोघं एकाच ठिकाणी अजिबात नाही, नाहीतर तिथेही हेच झालं असतं.

आईला मशीनवरून उचलण्याआधी ते स्वयंपाकघर पाहिलेली माणसं किती? शेजारच्या आजी आता हयात नव्हत्या. ती स्वतः. आणि एक माणूस, ज्याचं चष्म्याचं दुकान दर सोमवारी बंद असे. मॅडमचा पत्ता तिला दिला होता तो लहानपणापासूनच्या घरच्या डॉक्टरांनी. झोप येत नाही म्हणून भाऊ आणखी कुणाकडे गेला असता? त्याचं आडनाव आईवडिलांचं, तिचं सासरचं. मॅडमना आठ महिन्यांत पत्ता लागायचं कारणच नव्हतं, तिने पडद्याचा रंग सांगेपर्यंत.

म्हणजे मॅडमनी तिला झिडकारलं नव्हतं. दोघांची गुपितं पोटात घेऊन त्या दोघांपासून दूर झाल्या होत्या, आणि वाईटपणा स्वतःकडे घेतला होता. तिला इतकं हलकं वाटलं की ती तेलकट फरशीवर पाय पसरून तिथेच रडली. गॅरेजवाल्यांनी पोचेबाईला रडताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि सगळे उगीचच पाने-पकडी शोधायला लागले.

संध्याकाळी तिने पत्रातल्या नव्या बाईंना फोन करून वेळ घेतली. तिच्यापुरती फाईल मिटली होती. मॅडमना काही विचारायचं नाही, हेही तिने ठरवून टाकलं.

पण तिच्या मनातून काही जाईना. पाकीट दोघांना गेलं होतं. तिला कारण सापडलं, त्याला कोण सांगणार? तोही आता स्वतःला विचारत असेल, मी असं काय बोललो? त्याची त्यातून सुटका करू शकेल असं जगात एकच माणूस होतं. आणि मॅडमना खूण कशी पटली हे सांगायचं, तर त्या खोलीत आपण काय कबूल केलं तेही सांगावं लागणार होतं.

६

सोमवारी सकाळी चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. ती वाकून आत गेली.

भाऊ काचेच्या कपाटात फ्रेमा लावत होता. लहानपणी गुबगुबीत म्हणून घरात सगळे त्याला ढब्या म्हणत. आता गाल बसले होते, शर्ट अंगावर लोंबत होता.

"ताई," तो म्हणाला. आश्चर्य नाही, राग नाही, नुसतं नाव घेतल्यासारखं.

"ढब्या, तुलाही पाकीट आलं ना?"

त्याच्या हातातली फ्रेम तशीच राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी गुरुवार चार होते. तू सोमवार नऊ."

डोळे तपासायच्या उंच खुर्चीवर तो मटकन बसला. मग म्हणाला, "मी दहा दिवस डोकं फोडून घेतोय. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मी शेवटी शेवटी फार कडू बोलत होतो. म्हटलं, त्यांना माझा वीट आला."

"मलाही अगदी तेच वाटलं. पण तसं नाहीये." तिने त्याला सगळं सांगितलं. व्हॅन, हिरवा ओरखडा, कचेरीचा नियम. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी त्याने विचारलंच.

"पण त्यांना कळलं कसं? तू काय सांगितलंस त्यांना?"

ती उभीच होती. टेबलाची कड धरून तिने ते सांगितलं. "आईचा शेवटचा फोन तुला नव्हता. मला आला होता. मी कापला. आणि तुझ्यावर ढकललं, सगळ्यांदेखत."

भावाने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला.

"तीन वाजून वीस मिनिटांनी," तो म्हणाला.

"काय?"

"मला माहीत आहे, ताई. त्या संध्याकाळी आईचा फोन माझ्याच हातात होता. सगळ्यांत वर तुझं नाव होतं, बोलणं शून्य सेकंद. लोक जमायला लागले होते, कुणीतरी बघेल म्हणून मी ते पुसून टाकलं. आणि तासाभराने तू माझ्यावर ओरडलीस."

"मग तू तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू संपली असतीस. त्या माणसांसमोर, त्या दिवशी." त्याचा आवाज चढला नाही. "आठ महिने मी मॅडमना एकच विचारत होतो. ताईला सांगू का, की मला माहीत आहे? सांगितलं तर ती मोडेल. नाही सांगितलं तर मी."

मॅडमच्या टेबलावरचं ते पेन तिच्या डोळ्यांसमोर आलं. एकमेकांपासून एकच गोष्ट लपवणारी दोन माणसं, तीन दिवसांच्या अंतराने त्या एकाच खुर्चीत. त्या बाईने ते कसं ऐकलं असेल?

"मला माफ कर," ती म्हणाली. रडू आवरत नव्हतं, तिने आवरलंही नाही.

"माफी वगैरे आज नको गं, ताई. जमणार नाही मला." त्याने कोपऱ्यातलं स्टूल तिच्याकडे सरकवलं. "मी तेव्हाही गप्प बसलो, नंतरही गप्प बसलो. सहा वर्षं लोक मला काय काय म्हणाले ते तुला ठाऊक नाही. मला ते तुलाच सांगायचंय, दुसऱ्या कुणाला नाही. ऐकशील? मध्ये न बोलता?"

ती स्टुलावर बसली. त्याने जाऊन शटर खाली ओढलं, दिवा लावला आणि तिच्यासमोर येऊन बसला.

त्याचं पहिलंच वाक्य असं होतं, की तिला उठून निघून जावंसं वाटलं. ती उठली नाही.